एक्स-रेवरच्या डागाचा तपास

फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं जवळपास कळत नाही. वेदना ओळखणाऱ्या नसा असतात त्या फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात आणि छातीच्या भिंतीत. त्यामुळे फुफ्फुसाच्या मधोमध तीन-चार सेंटिमीटरची गाठ वाढली तरी माणूस रोजच्यासारखा कामावर जात असतो, जिने चढत असतो, रात्री शांत झोपत असतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे ८० हजार नवे रुग्ण होते आणि त्याच वर्षातले मृत्यू ७५ हजारांच्या घरात होते. हे दोन आकडे इतके जवळ असण्याचं मुख्य कारण एकच: आजार हाती लागतो तेव्हा तो बहुतेकांमध्ये पसरलेला असतो. जगभरात त्या वर्षी या कॅन्सरने सुमारे १८ लाख माणसं गेली. दुसऱ्या कुठल्याही कॅन्सरने इतके मृत्यू होत नाहीत.

तरीही गेल्या वीस वर्षांत या आजाराच्या उपचारात जेवढा बदल झाला, तेवढा फार थोड्या आजारांत झाला असेल. त्या बदलाचा फायदा मिळायचा तर तपास नीट व्हावा लागतो. म्हणून या लेखात उपचारापेक्षा तपासावर जास्त भर आहे. घरातल्या कुणाच्या एक्स-रेवर डाग आला, तर पुढे काय आणि कोणत्या क्रमाने व्हायला हवं, हे घरच्यांना माहीत असलं की बराच वेळ वाचतो.

पहिलं लक्षण बहुधा खोकला. दोन-तीन आठवडे उलटूनही तो जात नसेल तर छातीचा एक्स-रे काढायलाच हवा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना खोकल्याची सवयच झालेली असते, त्यामुळे खोकला असण्यापेक्षा त्याच्यात झालेला बदल महत्त्वाचा. सकाळपुरता येणारा खोकला दिवसभर येऊ लागला, कोरडा होता तो ओला झाला, आवाज बदलला, तर लक्ष द्यावं. थुंकीत रक्ताची एखादी रेघ दिसली आणि आठ दिवसांत थांबली तरी ती विसरून जाऊ नये. एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर तिथली श्वासनलिका आतून अडली आहे का, हे पाहावं लागतं.

काही लक्षणं छातीपासून दूर दिसतात आणि तिथेच फसगत होते. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. वाटेत ती गाठीखाली दबली की आवाज घोगरा होतो. रुग्ण घशाचं औषध घेत राहतो आणि दोष असतो छातीत. फुफ्फुसाच्या अगदी टोकाशी गाठ असेल तर खांदा दुखतो, करंगळीच्या बाजूने हाताला मुंग्या येतात, कधी त्या बाजूची पापणी थोडी खाली येते. हे दुखणं ‘फ्रोझन शोल्डर’ समजून महिनोन्महिने शेकलं जातं. मानेच्या शिरा फुगणं आणि चेहरा सुजणं म्हणजे डोक्याकडून हृदयाकडे येणारी मोठी रक्तवाहिनी दबली आहे. यात दवाखान्यात लगेच जायचं. पाठीच्या मणक्यात न थांबणारी वेदना, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फीट, ही आजार हाडांत किंवा मेंदूत पोचल्याची खूण असू शकते. बोटांची टोकं फुगणं ही आणखी एक खूण, आणि ती घरी पाहता येते. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून धरली की मध्ये शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसते. ती फट नाहीशी झाली असेल तर छाती तपासून घ्यावी. फुफ्फुसाच्या आणि हृदयाच्या इतरही काही आजारांत असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही.

आता एक्स-रे काढला आणि त्यावर डाग दिसला. आपल्याकडे इथेच सर्वांत मोठा उशीर होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. खोकला, बारीक ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त आणि एक्स-रेवर डाग हे वर्णन टीबीचं आहे आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचंही आहे. टीबीचे रुग्ण आपल्या देशात इतके आहेत की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं अगदी योग्य आहे. चूक त्यापुढे होते. थुंकीत जंतू सापडलेले नसताना, निव्वळ डागावरून एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू होतात. पहिला महिना जातो, दुसरा जातो. वजन काही वाढत नाही. ‘कोर्स पूर्ण होऊ द्या, मग बघू’ असं कुणीतरी सांगतं, आणि सहा महिन्यांनी जेव्हा सीटी स्कॅन होतो तेव्हा ऑपरेशनने निघाली असती अशी गाठ यकृतापर्यंत गेलेली असते. कॅन्सरच्या ओपीडीत येणाऱ्या फाइलींमध्ये आधी टीबीचा उपचार झाल्याच्या नोंदी वारंवार सापडतात.

टीबीच्या निदानाला हरकत नाही. पुरावा नसताना तो उपचार महिनोन्महिने चालू ठेवायला हरकत आहे. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि तिचा निकाल लवकर कळतो. ती ‘निगेटिव्ह’ आली असेल, रुग्ण चाळिशीच्या पुढचा असेल किंवा धूम्रपान करत असेल, तर ‘डॉक्टरसाहेब, सीटी करून घ्यायचा का?’ असं घरच्यांनी विचारावं. औषध सुरू झालंच असेल तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून जुन्या फिल्मशेजारी ठेवून बघायला सांगावं. डाग तसाच असेल किंवा वाढला असेल तर गोळ्या बदलण्याआधी निदान तपासायला हवं. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही, असंही नाही. त्याच्या जुन्या व्रणाशेजारी नवी गाठ लपून बसू शकते.

सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठे आहे, केवढी आहे, छातीच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथी वाढल्या आहेत का, यकृत आणि अॅड्रिनल ग्रंथी कशा दिसतात हे कळतं. शिरेतून रंगद्रव्य देऊन हा स्कॅन करतात, म्हणून मूत्रपिंडांसाठी आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते. रिपोर्टच्या शेवटी ‘सजेस्टिव्ह ऑफ मॅलिग्नन्सी’ असे शब्द असले तरी ते निदान नसतं. चित्र पाहून केलेला तो अंदाज आहे, आणि केमोथेरपी अंदाजावर देत नाहीत.

निदान होतं ते गाठीचा तुकडा काढल्यावर. आणि नेमकं इथेच घरात बैठक बसते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे मामा सांगतात, शेजारचे सांगतात, आणि तुकडा न काढताच काढे, भस्मं आणि कुठल्यातरी गावची औषधं सुरू होतात. सुईमुळे गाठीच्या पेशी वाटेत सांडून तिथे रुजण्याचा प्रकार अत्यंत विरळा आहे. बायोप्सीनंतर आजार वाढलेला दिसतो, कारण तो आधीच वाढत होता आणि त्याच वेळी आपण पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहतो. तुकडा न काढण्यात मात्र खात्रीचं नुकसान आहे. उपचार कोणता करायचा हे तुकडाच ठरवतो.

तो काढण्याची वाट गाठीच्या जागेवर अवलंबून असते. गाठ मोठ्या श्वासनलिकेजवळ असेल तर नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीने. छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटीवर बघत बाहेरून सुईने. श्वासनलिकेच्या शेजारच्या ग्रंथींमधून नमुना हवा असेल तर टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण वापरतात, तिला ईबस म्हणतात. मानेत गाठ हाताला लागत असेल तर तिथलाच नमुना घेणं सर्वांत सोपं. बाहेरून सुई घातल्यावर कधी फुफ्फुसातून हवा निसटून छातीत साठते, म्हणून नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात. काहींना एक-दोन दिवस छातीत नळी ठेवावी लागते. आणि छातीत पाणी झालं असेल तर ते काढून टाकून देऊ नये. त्या पाण्यातल्या पेशींचा ‘सेल ब्लॉक’ बनवता येतो आणि कित्येकदा त्यातूनच निदान होऊन दुसरी सुई टळते.

तुकडा पुरेसा मोठा असावा, हा आग्रह घरच्यांनीही धरावा असा आहे. पूर्वी ‘कॅन्सर आहे की नाही’ एवढंच पाहायचं असे. आता त्याच तुकड्यावर चार-पाच तपासण्या करायच्या असतात. तो मेणात बसवून जो छोटा ठोकळा बनवतात त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टचा कागद पुरत नाही. ब्लॉक, काचेच्या स्लाइड आणि स्कॅनची सीडी लॅबकडून मागून सोबत न्यावी. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात बाहेरचे नमुने पुन्हा तपासतात. ब्लॉक गावी राहिला म्हणून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या कुटुंबाला परत फिरावं लागणं अगदी टाळता येण्यासारखं आहे.

पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली आधी दोन गट करतो. लहान पेशींचा, म्हणजे स्मॉल सेल प्रकार, शंभरात साधारण पंधरा जणांना असतो. तो झपाट्याने वाढतो आणि जवळजवळ नेहमी धूम्रपानाशी जोडलेला असतो. उरलेला नॉन-स्मॉल सेल. त्यात अॅडिनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे दोन मुख्य उपप्रकार. ही वर्गवारी फक्त पुस्तकी नाही. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध अॅडिनोकार्सिनोमात चांगलं चालतं, स्क्वॅमसमध्ये चालत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘कार्सिनोमा’ लिहून आलं असेल तर काम अर्धंच झालं आहे.

पुढचा टप्पा जनुकांचा. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून संदेश आला की ते पेशीला वाढायला सांगतं, संदेश थांबला की थांबतं. काही गाठींमध्ये या प्रथिनाच्या जनुकात असा बिघाड होतो की संदेश नसतानाही ते ‘वाढ, वाढ’ सांगत राहतं. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या नेमक्या त्या प्रथिनात जाऊन बसतात आणि त्याला गप्प करतात. पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा आपल्याकडे हा बिघाड बराच जास्त आढळतो; अॅडिनोकार्सिनोमा असलेल्यांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांत तो असतो, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत आणखी जास्त. अल्क आणि रॉस-वन या जनुकांतले बिघाड कमी जणांत असतात, पण ज्यांच्यात ते असतात त्यांच्यासाठी क्रिझोटिनिब, अॅलेक्टिनिबसारख्या गोळ्या आहेत, आणि त्यातल्या काहींचा आजार वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. याच तुकड्यावर पीडी-एल-वन नावाच्या प्रथिनाचीही तपासणी होते. तिच्यावरून इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध उभं करणाऱ्या औषधांचा, उपयोग किती होईल याचा अंदाज येतो.

हे सगळे रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. ते दिवस कुटुंबाला फार जड जातात. ‘इतके दिवस काहीच उपचार नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. रुग्णाची प्रकृती सांभाळता येण्याजोगी असेल तर थांबणं योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. ईजीएफआरचा बिघाड असलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा फारसा होत नाही, आणि ती आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिब सुरू केलं तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. घाईने केलेली सुरुवात अशी अंगाशी येऊ शकते. तुकडा कमी पडला किंवा पुन्हा काढणं शक्य नसेल तर रक्तातून गाठीचा डीएनए शोधण्याची चाचणीही आता उपलब्ध आहे. मात्र त्यात काही सापडलं नाही म्हणून बिघाड नाहीच, असं म्हणता येत नाही.

आजार कुठवर गेला आहे हे पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय सांगतात. पेटसाठी किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. जिथे पेशींचं काम जोरात चालू असतं तिथे ती साठते आणि स्कॅनवर उजळते. मधुमेह असलेल्यांनी आधी साखर आटोक्यात आणावी, नाहीतर चित्र फसवं येतं. आपल्याकडे आणखी एक पेच आहे: टीबीच्या ग्रंथीही पेटवर उजळतात. त्यामुळे छातीच्या मधल्या ग्रंथी उजळल्या म्हणून कॅन्सर तिथवर पसरला असं धरून चालत नाही. ईबसने तिथला नमुना घेतला आणि तो टीबीचा किंवा साध्या सुजेचा निघाला, तर ऑपरेशनची नाकारली जाणारी संधी परत मिळते.

आजार किती पसरला आहे यावरून त्याचे चार टप्पे धरतात. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात ऑपरेशन हाच मुख्य उपाय. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन कप्पे असतात. गाठीचा कप्पा ग्रंथींसह काढतात. उरलेलं फुफ्फुस भार पेलेल का, हे फुंकरीच्या चाचणीने आधी पाहतात. ऑपरेशनपूर्वी बिडी-सिगारेट सोडली तर नंतरचे त्रास कमी होतात. हृदय किंवा दम साथ देत नसेल तर एसबीआरटी, म्हणजे मोजक्या बैठकांत नेमक्या जागी दिलेलं जोरदार रेडिएशन, हा चांगला पर्याय आहे. तिसऱ्या टप्प्यात बहुतेकांना साधारण सहा आठवडे रेडिएशन आणि त्यासोबत केमो, आणि त्यानंतर योग्य रुग्णांना वर्षभर ड्युर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपी देतात. स्मॉल सेलमध्ये एटोपोसाइड आणि प्लॅटिनम गटातल्या औषधांवर भर असतो, आजार छातीपुरता असेल तर रेडिएशनसह. सुरुवातीला गाठ झपाट्याने विरघळते, पण बहुतेकांत ती परत येते. हे डॉक्टरांनी आधीच सांगावं आणि आपणही ऐकायची तयारी ठेवावी.

चौथ्या टप्प्यात उद्देश बदलतो. आजार मुळापासून काढणं बहुधा शक्य नसतं. तो रोखून धरायचा आणि माणसाला चालतं-बोलतं ठेवायचं. या बाबतीत मुंबईत झालेलं एक काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ईजीएफआर बिघाड असलेल्या ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त गेफिटिनिबची गोळी दिली, निम्म्यांना गोळीसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. आजार रोखून धरण्याचा मध्यकाळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दुष्परिणाम वाढले, हेही खरं. पण भारतात कमी किमतीत मिळणाऱ्या औषधांनी हा फरक पडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोळ्या म्हणजे बिनत्रासाचा उपचार, असं समजू नये. चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ, जुलाब, नखांच्या कडा दुखणं होतं. गेफिटिनिब-एर्लोटिनिब घेणाऱ्यांनी अॅसिडिटीची गोळी मनाने घेऊ नये. पोटातलं आम्ल कमी झालं की ही औषधं नीट शोषली जात नाहीत. इम्युनोथेरपीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर, आतड्यांवर, फुफ्फुसांवर उलटू शकते, म्हणून नवा खोकला किंवा सततचे जुलाब लगेच कळवावेत. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो.

दुखणं आणि धाप यांच्यासाठी पॅलिएटिव्ह केअर असते. तिचं नाव काढलं की ‘म्हणजे आता काही उरलं नाही’ असा अर्थ घेतला जातो. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या काही रुग्णांना निदानापासूनच ही सेवा कॅन्सरच्या उपचारासोबत दिली गेली. त्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं आणि ते इतरांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून थोडे जास्तच जगले. मॉर्फिन हे कॅन्सरच्या वेदनेवरचं योग्य औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर त्याचं व्यसन लागण्याची भीती बाळगून रुग्णाला कण्हत ठेवायचं कारण नाही.

‘बाबांना सांगू नका, ते खचतील,’ असं मुलं डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून सांगतात. यामागे माया असते. पण माणसाच्या हाताला सुया टोचल्या जात असतात, केस गळत असतात, घरात कुजबुज चाललेली असते; त्याला कळलेलंच असतं आणि तो एकटाच ते वागवत असतो. किती सांगायचं हे त्यालाच विचारावं. जमिनीचा व्यवहार, मुलीचं लग्न, एखाद्याशी बोलायचं राहून गेलेलं, हे ठरवायचा हक्क त्याचा आहे.

खर्चाची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. आधार आणि रेशन कार्ड घेऊन आधी त्याला भेटावं. पैसे भरून उपचार सुरू झाल्यावर योजनेत शिरणं अवघड जातं.

राहता राहिलं कारण. सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर, मग तो सिगारेटचा असो की बिडीचा. बिडी देशी म्हणून सौम्य असते हा समज खोटा आहे. पण टाटा मेमोरियलमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात निम्म्याच्या आसपास लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, डिझेलचा धूर, दूषित हवा, अॅस्बेस्टॉस यांचाही वाटा आहे. म्हणून ‘तुम्ही ओढायचात का?’ हा प्रश्न भेटायला आलेल्यांनी रुग्णाला विचारू नये. ज्यांनी वर्षानुवर्षं भरपूर धूम्रपान केलं आहे अशा पन्नाशीपुढच्या माणसांनी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल छातीच्या डॉक्टरांशी बोलावं. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे टीबीच्या जुन्या खुणांमुळे विनाकारण घबराट होण्याची शक्यता जास्त, म्हणून हा स्कॅन सरसकट सगळ्यांनी करण्याचा नाही.

निदान झाल्यानंतरही धूम्रपान सोडण्याचा फायदा होतो. उपचार जास्त चांगले लागू पडतात. सोडायची इच्छा आहे पण जमत नाही, अशांसाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे: १८००-११-२३५६. हा क्रमांक सिगारेट-बिडीच्या पाकिटावरच छापलेला असतो. घरात कुणी ओढत असेल तर आजच तो लावून द्यावा.